हेन्लेचा आकडा
मूत्रपिंड पाणी कसे वाचवते, याच्या शोधाची कहाणी

शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकात मूत्रपिंडाची आकृती असते आणि तिच्या शेजारी मोठी करून दाखवलेली नेफ्रॉनची आकृती असते. विद्यार्थी ती नावांसह पाठ करतात : केशिकागुच्छ, बोमन संपुट, वेटोळी नलिका, हेन्लेचा पाश, पुन्हा वेटोळी नलिका आणि शेवटी संग्राहक नलिका. परीक्षेत पाचही नावे बरोबर लिहिली की गुण मिळतात. पण इतकी वेटोळी घेणारी ही नळी मध्येच सरळ खाली का उतरते आणि तळाशी वळून पुन्हा वर का येते, असे विचारणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो.

गंमत अशी की, विज्ञानाच्या इतिहासातही काहीसे असेच घडले. या पाशाचे वर्णन १८६२ मध्ये झाले. त्याचा उपयोग काय, याचे समाधानकारक उत्तर मिळाले ते १९५१ ते १९५९ या काळात. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे आकृती डोळ्यांसमोर होती, आणि तिचा अर्थ मात्र कळत नव्हता. असे का झाले आणि कोडे शेवटी कसे सुटले, ते या लेखात पाहू.

पाण्याचा हिशेब

आधी मूत्रपिंडापुढची अडचण समजून घेऊ. प्रौढ माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपास होते. बाकीचे सारे पाणी परत शोषले जाते.

आता दुसरा आकडा. द्रवात विरघळलेल्या कणांची गणना मिलिऑस्मोल या एककात करतात. आपल्या रक्तात दर लिटरला सुमारे ३०० मिलिऑस्मोल कण असतात. नेहमीच्या आहारातून युरिया, क्षार इत्यादी मिळून सुमारे ६०० मिलिऑस्मोल कण रोज शरीराबाहेर टाकावे लागतात. मूत्र जर रक्ताइतकेच घट्ट करता आले असते, तर यासाठी रोज किमान दोन लिटर पाणी खर्च झाले असते. प्रत्यक्षात गरज पडल्यास आपले मूत्र १२०० मिलिऑस्मोलपर्यंत, म्हणजे रक्ताच्या चौपट घट्ट होऊ शकते. तेव्हा हेच काम अर्ध्या लिटरात भागते. वाचलेले पाणी दीड लिटर!

हिंगोली जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी शेतात राबणाऱ्या माणसाला हे दीड लिटर किती मोलाचे असते, ते वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात कयाधूच्या काठी ओरडणारा बेडूक या दिवसांत दिसेनासा होतो, कारण तो ओलसर मातीत दडी मारून बसतो. बेडकाला रक्तापेक्षा घट्ट मूत्र करता येत नाही. त्याच नदीच्या कोरड्या पात्रात शेळी मात्र उन्हात चरत असते. शेळीचे मूत्र माणसाच्या दुपटीच्या आसपास घट्ट होऊ शकते. बेडकाच्या मूत्रपिंडात हेन्लेचा पाश नसतो, शेळीच्या मूत्रपिंडात असतो. आपल्या कहाणीचे सूत्र या फरकात आहे.

आकृती आधी, अर्थ नंतर

मूत्रपिंड म्हणजे एक घट्ट मांसल गोळा, अशी जुनी समजूत होती. १६६२ मध्ये लोरेन्झो बेलिनी या एकोणीस वर्षांच्या इटालियन विद्यार्थ्याने मूत्रपिंड कापून पाहिले आणि त्यात बारीक नळ्या आहेत असे दाखवले. १६६६ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली बाहेरच्या थरातले बारीक गोल दाणे पाहिले. हे दाणे म्हणजेच केशिकागुच्छ. पण दाणे आणि नळ्या यांचा संबंध कळायला १८४२ साल उजाडले. त्या वर्षी लंडनच्या विल्यम बोमनने केशिकागुच्छाभोवतीचे संपुट हेच नळीचे तोंड आहे, हे दाखवून दिले.

त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लुडविगने एक धाडसी कल्पना मांडली. रक्ताच्या दाबाने केशिकागुच्छातून द्रव गाळला जातो आणि नळीतून पुढे जाताना त्यातले पाणी परत रक्तात शोषले जाते, असे त्याचे म्हणणे होते. ही कल्पना सर्वांना पटली नाही. रुडॉल्फ हायडेनहाइनने उलट गणित मांडले. रोज मूत्रातून जाणारा युरिया केवळ गाळून मिळवायचा, तर दिवसाला सुमारे सत्तर लिटर द्रव गाळावा लागेल. हे अशक्य वाटते, तेव्हा गाळण्याची कल्पनाच चुकीची असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. खरा आकडा याच्याही दुपटीहून अधिक निघाला, हा पुढचा इतिहास. १९२४ मध्ये अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या एका बोमन संपुटात अतिसूक्ष्म काचनळी खुपसून आतला द्रव काढला. त्यात प्रथिने नव्हती, पण ग्लुकोज आणि क्लोराइड होते. गाळण होते, यात मग शंका उरली नाही.

दरम्यान १८६२ मध्ये गॉटिंगेनच्या याकोब हेन्लेने मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, म्हणजे मज्जेत, केसांत खोचायच्या आकड्यासारख्या वळलेल्या नळ्या पाहिल्या. एक बाजू खाली जाणारी, दुसरी वर येणारी, आणि दोन्ही अगदी जवळजवळ. पुढे १९०९ मध्ये कार्ल पेटरने निरनिराळ्या प्राण्यांमधील पाशांची लांबी ताडून पाहिली. पाश जितके लांब, तितके मूत्र घट्ट, असे त्याला दिसले. रक्तापेक्षा घट्ट मूत्र फक्त सस्तन प्राणी आणि पक्षी करू शकतात, आणि असे पाशही फक्त त्यांच्याच मूत्रपिंडात असतात, हेही हळूहळू ध्यानात आले.

एवढा पुरावा हाती असताना अडचण कोठे होती? अडचण होती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. बहुतेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ नळीच्या कोणत्या तरी पेशीत पाणी ओढून घेणारी शक्ती शोधत होते. पण नळीत १२०० आणि बाहेर रक्तात ३०० अशी स्थिती असताना पाणी थेट रक्तात ढकलायचे, तर सुमारे २३ वातावरणे इतक्या परासरण दाबाविरुद्ध ते ढकलावे लागेल. इतका दाब एका पेशीच्या जाडीत पेलायचा कसा? पाणी असे ढकलणारी पेशी कोणाला सापडतही नव्हती. न्यूयॉर्कचे होमर स्मिथ हे त्या काळी मूत्रपिंडाच्या अभ्यासातले सर्वांत मोठे नाव. पाशाच्या वळणाला काही विशेष अर्थ असेल, असे त्यांनाही वाटत नव्हते.

बाझेलचा रसायनशास्त्रज्ञ

या कोड्याकडे पहिल्यांदा वेगळ्या नजरेने पाहिले ते वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाने. वेर्नर कुन हे स्वित्झर्लंडमधील बाझेल विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. रासायनिक उद्योगातली एक युक्ती त्यांना चांगली माहीत होती. दोन द्रव्ये वेगळी करण्याची एखादी क्रिया एका वेळी अगदी थोडाच परिणाम करत असेल, तर दोन प्रवाह शेजारीशेजारी पण उलट दिशांनी वाहते ठेवायचे आणि तीच क्रिया वाटेत जागोजाग घडू द्यायची. मग छोट्या परिणामाचा गुणाकार होत जातो. ऊर्ध्वपातनाच्या उंच स्तंभात हेच घडते.

हेन्लेच्या पाशात शेजारीशेजारी आणि उलट दिशांनी वाहणारे दोन प्रवाह तर आयतेच आहेत! १९४२ मध्ये कुन आणि त्यांचे सहकारी रायफेल यांनी केवळ पटलांच्या साहाय्याने पातळ द्रावणापासून घट्ट द्रावण मिळवणारे उपकरण करून दाखवले आणि मूत्रपिंडही असेच काम करत असावे, असे सुचवले. दुसरे महायुद्ध चालू होते, लेख जर्मन भाषेत होता आणि त्यातील भाषा रसायनशास्त्राची होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे त्याकडे लक्षच गेले नाही. १९५१ मध्ये बार्थोलोमे हार्गिटाय यांच्यासह कुन यांनी या तत्त्वाचे संपूर्ण गणित मांडले. या यंत्रणेला प्रतिप्रवाही गुणक म्हणतात.

वर्गात खेळून पाहण्यासारखे

हे तत्त्व फळ्यावर समजावणे अवघड जाते. खेळातून मात्र ते चटकन कळते. आठ विद्यार्थी घ्या. चौघांची एक रांग करा. ही पाशाची उतरती बाजू. त्यांच्यासमोर तोंड करून दुसरे चौघे उभे करा. ही चढती बाजू. प्रत्येकाच्या हातात ३०० लिहिलेली चिठ्ठी द्या.

पहिला नियम : समोरासमोरच्या जोडीतील चढत्या बाजूचा विद्यार्थी उतरत्या बाजूला 'मीठ' देतो, पण दोघांमधील फरक २०० होईपर्यंतच. दोघांची बेरीज बदलायची नाही. म्हणजे ३०० आणि ३०० यांचे ४०० आणि २०० होतात. दुसरा नियम : मग सर्व चिठ्ठ्या एक घर पुढे सरकतात. उतरत्या रांगेच्या डोक्याशी ३०० ची नवी चिठ्ठी येते, तळाची चिठ्ठी वळून चढत्या रांगेत जाते आणि चढत्या रांगेची सर्वांत वरची चिठ्ठी बाहेर पडते. पुन्हा पहिला नियम, पुन्हा दुसरा.

तळाच्या उतरत्या विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर लक्ष ठेवा. पहिल्या फेरीत ४००, दुसरीत ५००, तिसरीत ५५०. फेऱ्या वाढवत नेल्या की हा आकडा ११०० च्या जवळ जाऊन थांबतो. त्या वेळी उतरत्या रांगेत वरून खाली ५००, ७००, ९००, ११०० आणि समोर ३००, ५००, ७००, ९०० असे आकडे असतात. कोणत्याही जोडीत फरक २०० पेक्षा जास्त नाही. कोणीही ११०० विरुद्ध ३०० असा झगडा केलेला नाही. तरीही तळ आणि डोके यांत मोठा फरक पडला. आणि चारऐवजी सहा जोड्या घेतल्या, तर तळाचा आकडा १५०० पर्यंत जातो. पेटरला दिसलेला लांब पाश आणि घट्ट मूत्र यांचा संबंध हा असा आहे.

शरीरात चढत्या बाजूच्या जाड भागातील पेशी मीठ बाहेर टाकतात, पण पाणी बाहेर पडू देत नाहीत. उतरत्या बाजूतून पाणी सहज बाहेर जाते, त्यामुळे तिच्यातला द्रव भोवतालच्या मज्जेइतकाच घट्ट होत जातो. अशा रीतीने मज्जेत वरून खाली खारटपणाची उतरंड तयार होते. खेळात शेवटी बाहेर पडणारी चिठ्ठी ३०० ची असते. खऱ्या मूत्रपिंडात मात्र मज्जेत साठलेले थोडे मीठ रक्त सतत नेत असते, त्यामुळे पाशातून बाहेर पडणारा द्रव रक्ताहूनही पातळ असतो.

येथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. पाश जर मूत्र घट्ट करतो, तर त्यातून पातळ द्रव कसा बाहेर येतो? उत्तर असे की, पाश मूत्र घट्ट करत नाही. तो मज्जा खारट करतो. मूत्र घट्ट होते ते नंतर, संग्राहक नलिकेत. ही नलिका त्याच खारट मज्जेतून खाली उतरते. शरीरात पाणी कमी असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून प्रतिमूत्रल संप्रेरक रक्तात येते, नलिकेची भिंत पाण्याला वाट देते आणि पाणी आपोआप, परासरणाने, मज्जेत निघून जाते. पाणी भरपूर असेल तर वाट बंद राहते आणि पातळ मूत्र तसेच बाहेर पडते. मज्जेतील रक्तवाहिन्याही पाशासारख्याच वळलेल्या असतात. म्हणून त्या पाणी घेऊन जातात, पण खारटपणा धुऊन नेत नाहीत.

बर्फ आणि काचेची सुई

कल्पना सुंदर होती, पण पुरावा हवा होता. तो मिळवला बाझेलमधीलच हाइनरिख वर्झ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने. द्रावण जितके घट्ट, तितके त्याचे बर्फ कमी तापमानाला वितळते. १९५१ मध्ये वर्झ, हार्गिटाय आणि कुन यांनी पाण्यावाचून ठेवलेल्या उंदरांची मूत्रपिंडे गोठवली, त्यांचे पातळ काप घेतले आणि ते हळूहळू ऊबदार करत सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मज्जेच्या टोकाचे बर्फ सर्वांत आधी वितळले आणि बाहेरच्या थराचे सर्वांत शेवटी. शिवाय मज्जेत एकाच पातळीवर असलेल्या सर्व नळ्यांमधले बर्फ जवळजवळ एकाच वेळी वितळले. एखादी विशिष्ट नळी मूत्र घट्ट करत असती, तर फक्त तिच्यातलेच बर्फ आधी वितळायला हवे होते. येथे तर मज्जेचा सगळा शेजारच घट्ट होता. १९५३ मध्ये वर्झ यांनी मज्जेच्या टोकाजवळील रक्तवाहिन्यांतले रक्त काढून तपासले. तेही मूत्राइतकेच घट्ट निघाले.

तरीही अनेकांचा विश्वास बसेना. मग १९५९ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील कार्ल गॉटशाल्क आणि मार्गारेट माइली यांनी निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांच्या आणि इतर उंदीरवर्गीय प्राण्यांच्या जिवंत मूत्रपिंडातील एकेका नळीत काचेची सूक्ष्म सुई घालून त्यांनी जागोजागचा द्रव काढला. पाशाच्या वळणावर द्रव भोवतालाइतकाच घट्ट होता. पाशातून वर आलेला द्रव मात्र रक्तापेक्षा पातळ होता, आणि तोही प्राणी अतिशय घट्ट मूत्र तयार करत असताना! जुन्या कोणत्याही कल्पनेतून ही गोष्ट निघत नव्हती. प्रतिप्रवाही गुणकाच्या कल्पनेत मात्र ती आवश्यकच होती. त्याच वर्षी होमर स्मिथ यांनीही जाहीर व्याख्यानात ही नवी मांडणी स्वीकारली. आपल्याच ग्रंथातील मत बदलायला लागणारे धैर्य विज्ञानात शोधाइतकेच महत्त्वाचे असते.

लांब पाश, घट्ट मूत्र

हे तत्त्व खरे असेल, तर ते निसर्गात सगळीकडे दिसले पाहिजे, आणि ते दिसतेही. स्वीडनच्या इव्हार स्पेर्बर यांनी १९४४ मध्येच अनेक सस्तन प्राण्यांच्या मज्जेची जाडी मोजली होती. १९६१ मध्ये बोडिल श्मिट-नील्सन आणि ओडेल यांनी त्या जाडीची मूत्राच्या घट्टपणाशी सांगड घातली. सतत पाण्यात राहणाऱ्या बीव्हरचे पाश आखूड, आणि मूत्र जेमतेम ५०० मिलिऑस्मोलच्या आसपास. माणूस १२००. उंट ३००० च्या आसपास. अमेरिकी वाळवंटातील कांगारू-उंदीर ५००० च्या वर. हा प्राणी कोरड्या बियांवर जगतो आणि पाणी पीतच नाही म्हटले तरी चालेल. ऑस्ट्रेलियातील उड्या मारणारा वाळवंटी उंदीर तर ९००० च्याही वर जातो. आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश आणि पी. के. घोष यांनी थरच्या वाळवंटातील जर्बिल व इतर उंदीरवर्गीय प्राण्यांचा दीर्घ अभ्यास केला.

वर्गात हे दाखवायला वाळवंट नको. मटणाच्या दुकानातून शेळीचा गुर्दा आणा आणि धारदार पात्याने उभा कापा. बाहेरचा गडद थर आणि आतली फिकट मज्जा स्पष्ट दिसते. मज्जेत टोकाकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात. त्या म्हणजे सरळ जाणाऱ्या नळ्यांचे जुडगे. बेलिनीने पाहिल्या त्या याच.

मीठ बाहेर टाकणारी यंत्रणा कोणती, हे पुढे स्पष्ट झाले. चढत्या बाजूच्या जाड भागातील मिठाच्या या वाहतुकीवरच फ्युरोसेमाइड हे औषध काम करते. 'लॅसिक्स' या नावाने ते गावोगावच्या औषध-दुकानांत मिळते. वाहतूक थांबली की मज्जेचा खारटपणा ओसरतो आणि लघवी भरपूर होते. सूज आलेल्या रुग्णाला म्हणूनच ते देतात. संग्राहक नलिकेतील पाण्याची वाट म्हणजे ॲक्वापोरिन नावाची प्रथिने. पीटर ॲग्रे यांनी यातले पहिले प्रथिन १९९२ मध्ये सिद्ध केले आणि त्यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र सगळे कोडे सुटलेले नाही. मज्जेच्या अगदी आतल्या भागात चढती बाजू पातळ असते आणि तेथे मीठ जोराने बाहेर टाकणाऱ्या पेशी आढळत नाहीत. तरीही खारटपणा टोकापर्यंत वाढतच जातो. यात युरियाचा मोठा वाटा आहे, हे माहीत आहे. पण १९७२ मध्ये कोको व रेक्टर आणि स्टीफेन्सन यांनी सुचवलेले स्पष्टीकरण पुरेसे आहे का, यावर आजही संशोधन चालू आहे.

वाचवते, बनवत नाही

या सगळ्यातून विद्यार्थ्यांनी घरी काय न्यावे? मूत्रपिंड पाणी वाचवते. ते पाणी बनवत नाही. पाश कितीही कुशलतेने काम करत असला, तरी माणसात त्याची मजल १२०० पर्यंतच. त्याखालचे अर्धा लिटर पाणी रोज द्यावेच लागते, आणि घामाने जाते ते वेगळे. शाळेत स्वच्छतागृहाची सोय नीट नसली की मुले, विशेषतः मुली, दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात. त्यांच्या मूत्रपिंडांना मग तासन् तास कमाल मर्यादेजवळ काम करावे लागते. गडद पिवळी लघवी ही त्याची खूण. मुतखडा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांचा धोकाही त्यातून वाढतो. तान्ह्या बाळाचे पाश अजून पूर्ण वाढलेले नसतात. ते मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपासच मूत्र घट्ट करू शकते. म्हणून जुलाब झाले की बाळ मोठ्या माणसाच्या आधी कोरडे पडते, आणि जलसंजीवनी पाजण्यात एका तासाचाही उशीर महागात पडू शकतो. उतारवयातही ही क्षमता घटत जाते.

आणि शिक्षकांसाठी एक गोष्ट. हेन्लेच्या पाशाचे कोडे नव्वद वर्षे अडून राहिले ते उपकरणे कमी होती एवढ्याच कारणाने नव्हे. आकार दिसत होता, पण 'हा असाच का?' हे पुरेशा आग्रहाने विचारले गेले नव्हते. पुढच्या वेळी फळ्यावर नेफ्रॉन काढाल, तेव्हा नावे लिहिण्याआधी हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारा आणि थोडा वेळ थांबा. नंतर आठ जणांना पुढे बोलवा आणि चिठ्ठ्या वाटा.